उमरेडला नेलेली गॅसबत्ती

लग्न जमवायला निघालेल्या माणसानं सोबत गॅसबत्ती नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मी नेली होती.

साठच्या दशकातली गोष्ट. आम्ही नागपूरचे विणकर. बाबा घरी हातमागावर लुगडी विणत. मी मात्र माग सोडून रामदासपेठेतल्या एका कचेरीत कारकून झालो होतो. उमरेडच्या एका विणकराची कुसुम मी कुणाच्या तरी लग्नात पाहिली आणि त्या दिवसापासून माझं जेवणावरून लक्ष उडालं. बाकी सगळं जुळत होतं, घोडं अडलं होतं ते तिच्या काकांपाशी. त्यांचा निरोप आला होता, "पोरानं माग सोडला म्हणतेत. ज्याले धाग्याची जाण नाही, त्याले आमची पोरगी काहून द्याची? पयले पोरगं दाखवा!"

त्यांच्या घरी वीज नव्हती आणि भेट ठरली संध्याकाळची. काका दिपून जातील असं काहीतरी करावं, असा मी विचार केला. (विचार करण्याची मला तेव्हा खोड होती.) इतवारीतून एक गॅसबत्ती भाड्यानं घेतली, सोबत तीन कोरे मेंटल.

"लावता येते ना?" दुकानदारानं विचारलं.

"मॅट्रिकले सायन्स होतं ना भाऊ!" मी म्हणालो. (त्या विषयात माझं काय झालं होतं, हे त्यानं विचारलं नाही.)

बत्ती मांडीवर घेऊन मी एस.टी.त बसलो, शेजारी बाबा. उमरेडला पोचलो तर ओसरीवर शेजारीपाजारी धरून वीसेक माणसं जमलेली, सगळे विणकर. मी बाह्या सरसावल्या.

मेंटल म्हणजे जाळीदार कापडाची चिमुकली पिशवी. ती बत्तीच्या नळीला बांधायची आणि काडी लावून एकदा जाळायची. कापड जळून जातं, पण राखेची पिशवी तशीच्या तशी लटकत राहते आणि पुढे तीच झगमगते. ही राख दिसायला मात्र हुबेहूब कापड! हे मला ठाऊक होतं. वीस विणकरांना ते आधी सांगावं, एवढं फक्त सुचलं नाही.

पहिला मेंटल जाळला, निवू दिला. आता काच बसवणार, तोच काका उठले. विणकर नवं कापड दिसलं की आधी अंगठा-बोट फिरवून पोत पाहतो, रामराम नंतर करतो.

"सूत कोन्तं हाय गा हे?" म्हणत काकांनी मेंटल चिमटीत धरला. चिमटीत नुसतं पीठ!

"नागपूरचा माल," काका हात झटकत म्हणाले. "कच्चा हाय."

झालं! कुणी मला नावं ठेवली तर बाबा एक वेळ ऐकून घेत, नागपूरच्या मालाला नाही. मी घाईघाईनं दुसरा मेंटल जाळला, तर ते पुढे आले.

"भाऊ, तुमी दाबलं जास्त. पोत पाहाचा त असा, हलक्या हातानं!"

"बाबा, नका!"

हलक्या हातानंही पीठच पडलं. ओसरीवर एकच वाद पेटला. कुणी म्हणे खळ कमी पडली, कुणी म्हणे ताण्याचा उभा धागाच कमजोर. तिकडे अंधार होत चाललेला. शेवटी मी ओरडलो, "कोनी हात लावू नका! हे कापड नाही, राख हाय, राख!"

"मंग राख काहून टांगून राहिला गा दिव्यात?" काकांनी विचारलं.

मॅट्रिकच्या सायन्समध्ये याचं उत्तर नव्हतं.

तिसरा आणि शेवटचा मेंटल जाळला. सगळे हात मागे बांधून उभे. मेंटल कसा गोल, टपोरा उतरला होता! मी काच उचलली आणि पाहतो तर तळाशी एक धागा लोंबतोय.

मी तो उपटला.

तिसऱ्याचंही पीठ! गेली कुसुम हातची, मला रडूच यायचं बाकी राहिलं.

"हात काहून लावला गा?" काकांनी विचारलं.

"धागा लोंबत होता," मी पुटपुटलो.

काका एकदम पोट धरून हसायला लागले. "भाऊ, तुमचं पोरगं बसते कचेरीत, पन हात मागावरचाच हाय! लोंबता धागा सोडला नाही त्यानं. पोरगी देली!"

आतून रॉकेलची चिमणी आणली गेली, तिच्यामागून चहा घेऊन कुसुम आली. तिनं मान वर करून मला एकदा पाहिलं आणि आईच्या कानात 'हो' म्हणाली. मी गड जिंकला!

परवा पाहुण्यांना हा पराक्रम रंगवून सांगत होतो. "काकानं नुसता माहा हात पाहून पोरगी देली!"

कुसुम स्वयंपाकघरातून म्हणाली, "काकानं हात पाहिला. मले त चिमणीत तुमचं तोंडही धड दिसलं नाही, म्हणून हो म्हटलं. ते बत्ती लागली असती, त तुमी अजून कुवारेच असते!"