ओनोरीनाचं कोरं साल

तेरेसिओ पाथरवट होता. गावातल्या बहुतेक मेलेल्यांची नावं त्याच्याच हातची. स्वतःची कबरही त्याने जिवंतपणीच करून ठेवली होती. दफनभूमीच्या भिंतीत दोन पेट्या शेजारी शेजारी मावतील असा रुंद कोनाडा आणि त्यावर एकच संगमरवरी फरशी. फरशीवर नवराबायकोची नावं, फोटो, जन्मसालं. मृत्यूचं साल तेवढं कोरं. इटलीतल्या आमच्या रोक्कालुंगा गावात हे सगळेच करतात, त्यात अशुभ कुणाला वाटत नाही.

तो आधी गेला, त्याचं साल भरलं. त्याची बायको ओनोरीना दर रविवारी जाऊन स्वतःच्याच फोटोवरची धूळ पुसायची आणि त्याला सांगायची, "जरा दम धर. येतेच आहे." मूलबाळ नव्हतं, भावंडं उरली नव्हती. त्याच्या शेजारची ती जागा, एवढंच काय ते तिचं पुढचं आयुष्य.

मग औषधवाल्या एउसेबिओला, ज्याला गाव डॉक्टरच म्हणायचं, लेखक व्हायचा झटका आला. खोकल्याचं औषध मागायला जावं, तर हा जुन्या धर्मयोद्ध्यांच्या खजिन्यावर सुरू व्हायचा. एक दिवस त्याने विचारलं, "मावशी, तुमची फरशी पुस्तकात घालू का?"

"घाला की, डॉक्टर. दगड काय झिजणार आहे?"

त्याने जाडजूड कादंबरी लिहिली. किमयागार, विषप्रयोग, भुयारं, काही म्हणून सोडलं नाही. त्यात एका बाईच्या कबरीवर मृत्यूचं साल नव्हतं, कारण तिने अमृत प्यायलं होतं. नवऱ्याला पाजायला मात्र तिला उशीर झाला आणि ते अमृत त्याच्या हाडांत मुरून राहिलं. नावं बदलली होती, पण गाव, भिंत, फोटो सगळं जसंच्या तसं.

पुस्तक धो धो खपलं. तोरीनोहून, मिलानोहून माणसं येऊ लागली. स्वतःचा फोटो पुसणारी ओनोरीना बघून एक बाई किंचाळलीच. "अगं, भूत नाही मी! मेले की कळवीन तुला," ओनोरीना म्हणाली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. घरी जातानाही हसत होती. खोटं कशाला बोला, तिला मजा वाटत होती.

नोव्हेंबरातल्या मृतांच्या दिवसाआधी ती शेवंती घेऊन गेली, तेव्हा फरशीचे तुकडे खाली पडले होते. पेटी उचकटलेली होती आणि आत तेरेसिओ नव्हता. हाडं चोरणारी माणसं! अमृत मिळालं असतं, तरी या नालायकांनी जास्तीच्या आयुष्याचं काय केलं असतं, देव जाणे. पोलीस आले, मान हलवून गेले. काही सापडलं नाही.

एउसेबिओ रडत आला. "मावशी, दुसऱ्या भागात मी त्याला परत आणतो. शप्पथ."

"कुठे आणता, डॉक्टर? कागदावर?"

तो मनापासून बोलला होता, हेच वाईट.

मृतांच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी घरोघरी टेबलावर चेस्टनट आणि वाईन ठेवली गेली, आपापले मृत घरी येऊन खातात म्हणून. ओनोरीनाने तेरेसिओचा पेला मांडला, थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं आणि धुऊन परत कपाटात ठेवला. येणार तरी कुठून?

पुढे दाल्मात्सो नवी फरशी घेऊन आला, तुकड्यांतून वाचलेला ओनोरीनाचा फोटो तिच्यावर बसवून. तो तेरेसिओच्याच हाताखाली शिकलेला, आता त्यालाही टक्कल पडलेलं. दोन्ही नावं खडूने आखून त्याने छिन्नी उचलली.

"त्याचं पूस," ओनोरीना म्हणाली. "तो इथे नाही. माझंच कोर."

"बरं मावशी. आणि मृत्यूचं साल नेहमीसारखं कोरं ठेवतो."

"नको. यंदाचं टाक."

"काहीतरीच काय! चांगल्या धडधाकट उभ्या आहात माझ्यापुढे."

"त्याच्याकडे जायची वाट बघत होते म्हणून कोरं होतं ते. टाक म्हटलं ना."

दाल्मात्सोने तेरेसिओचं नाव पुसलं. तिचं नाव कोरलं आणि खाली यंदाचं साल घेतलं. शेवटचा आकडा होईपर्यंत ओनोरीना तिथे उभी होती. मग तिने बाहीने आपला फोटो पुसायला हात उचलला, आणि तसाच खाली सोडला.