पूरा वाक्य, प्लीज

उजव्या हाताचं बोट वर करायचं, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "पूरा वाक्य, प्लीज." ही त्याची सवय. समोर विद्यार्थी असो, भाजीवाला असो, नाहीतर मी. भाजीवाला "भैया, टमाटर..." म्हणाला, की बोट वर. मग तो बिचारा हात जोडून म्हणायचा, "भैया, आज टमाटर महँगा है." तेव्हा कुठे हा पिशवी पुढे करायचा.

असा एखादा मास्तर तुमच्याही गल्लीत असेल. आमचा हा लखनौच्या विकास नगरातला, माझ्या वरच्या मजल्यावरचा. वडील रेल्वेत इंजिनिअर. सांगलीहून इकडे आले, इथेच राहिले आणि इथेच गेले. मागे आई आणि हा. अलीगंजमधल्या एका क्लासात इंग्रजी शिकवायचा. लखनौच्या उन्हातसुद्धा स्कूटरवर बसताना शर्टाच्या बाह्या खाली आणि मनगटाची बटणं लावलेली.

मराठी त्याला सगळी कळायची, बोलायचा मात्र नाही. आई विचारायची, "जेवलास का?" हा म्हणायचा, "हाँ मम्मी, खा लिया." मी साताऱ्याची, हट्टी. जिन्यात भेटला की सुनावायची, "आंटी काय रे? मावशी म्हण." तो अदबीनं मान लववायचा आणि म्हणायचा, "जी, आंटी." इतकं वाकून नाही म्हणणाऱ्याशी भांडायचं तरी कसं?

त्याला परदेशात इंग्रजी शिकवायचं होतं. अर्जांवर अर्ज करायचा. उत्तर ठरलेलं: ज्यांची मातृभाषा इंग्रजी, त्यांनाच घेतो. "आंटी, ग्रामर में वो लोग मुझसे हार जाएँगे," तो म्हणायचा, आणि ते खरंही असावं. नकार आला की त्याची आई शिरा करायची. सांत्वन म्हणून, असं ती सांगायची. पण तूप जरा जास्तच सढळ असायचं.

मग एक दिवस तो आणि त्याची आई पेढे घेऊन खाली आले. थायलंडमधल्या एका शाळेत नोकरी लागली होती, तिकीटही तेच पाठवणार होते. आम्हाला आनंद झाला, पण ह्याचा चेहरा थोडा पडलेला. मुलाखत फोनवर झाली होती.

"ग्रामर का एक भी सवाल नहीं पूछा, आंटी. बस आवाज़ सुनते रहे. बोले, थोड़ा सख़्त होकर बोलिए, अफ़सर की तरह."

आई खो खो हसली. "तुझ्याच्यानं झुरळ मरत नाही, तू कसला अफसर?"

तो गेला. बँकॉकला उतरल्यावर एक फोटो आला, शाळेची गाडी न्यायला आल्याचा. त्यात त्याच्या मनगटाची बटणं लावलेली होती. त्यानंतर काहीच नाही. फोन बंद. आम्ही दोघी पोलिसांकडे गेलो. त्यांनी चौकशी केली आणि सांगितलं, त्या नावाची शाळाच नाही. मी तो गाडीचा फोटो त्यांच्यापुढे धरला. त्याची आई मात्र शांतपणे पुन्हा पुन्हा विचारत राहिली, "मग तो शिकवतोय कुठे?"

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, एका सकाळी मी मेथी निवडत बसले होते. अनोळखी नंबरवरून फोन आला. खणखणीत इंग्रजीत कुणी अधिकारी बोलत होता. माझ्या नावाचं पार्सल पकडलंय, त्यात नशेचा माल आहे, लगेच पैसे भरले नाहीत तर मला अटक होणार. सरकारी नोकरीत जन्म काढलेली बाई मी, पण अटक म्हटल्यावर धड वाक्य जुळेना.

"बट सर, आय..."

"कम्प्लीट सेंटेन्स, प्लीज."

पार्सल विसरले, अटक विसरले. तोंडातून मराठीच आलं, "अरे... तू?"

पलीकडे शांतता नव्हती. मागे कितीतरी जण असंच कुणाकुणाला दरडावत होते, ते ऐकू येत होतं. मग तोच आवाज चढला, अंगावर आल्यासारखा. पण शब्द मराठी होते.

"मावशी, पैसे देऊ नका. कुणालाच देऊ नका! इथे शाळा नाही. कुंपण आहे, तारांचं. मारतात. आईला सांगा, मी जिवंत आहे. मला इथून..."

फोन कटला.

त्याच्या मागे उभ्या असलेल्याला वाटलं असेल, हा म्हातारीला दम देतोय. त्या लोकांना हिंदी कळत असणार, इंग्रजी तर कळतच असेल. मराठी तेवढी सुटली. त्यानं आईला फोन न करता मला का केला, ह्याचा मी खूप विचार केला. मला वाटतं, आईवर ओरडणं त्याला जमलं नसतं.

जिना चढून वर गेले आणि त्याच्या आईला सगळं सांगितलं. मारतात, तेवढं गाळलं. ती म्हणाली, "मराठीत बोलला?"

"हो."

"मावशी म्हणाला तुला?"

मला रडू आवरेना. तिनंच मला पाणी दिलं.

पोलिसांना कळवलं, दूतावासाला कळवलं. तपास चालू आहे, असं उत्तर येतं. त्याची स्कूटर जिन्याखाली उभी असते. मी तिच्यावरची धूळ पुसते, दुसरं काही सुचत नाही.

अनोळखी नंबर उचलू नका, असं सगळे सांगतात. तुम्हीही सांगाल. त्याची आई मात्र एकही सोडत नाही. कर्जवाला, कार्डवाला, पार्सलवाला, सगळ्यांचे फोन घेते. त्यांना बोलूच देत नाही. आधी विचारते, "जेवलास का रे?" आणि पलीकडचा फोन ठेवीपर्यंत कानाला लावून उभी राहते.