झिपऱ्याचा निरोपाचा शो आणि माझा व्रतस्थ दादा

भर वैशाखात गोव्याला दोनच प्रकारची माणसं जातात. ज्यांना हॉटेल स्वस्तात हवं असतं ती, आणि ज्यांचं माहेर तिथे आहे ती. यंदा तिसऱ्या प्रकाराची भर पडली, ती म्हणजे मागणी संपलेले रॉकस्टार.

आमचा रॉकस्टार त्यातलाच. त्याचं खरं नाव लिहीत नाही, कारण त्याचे उरलेसुरले चाहते फार हळवे आहेत. दादाने खोलीत त्याचं पोस्टर लावलं, तेव्हा आईने त्याला एकदा नीट न्याहाळलं आणि 'झिपऱ्या' असं नाव ठेवलं. आमच्या घरात तेच चाललं. गोव्यातल्या साखळी या आमच्या गावी, त्याच खोलीत दादाने आणि मी त्याच्या कॅसेट झिजेपर्यंत वाजवल्या, पण त्याला प्रत्यक्ष कधी पाहिलं नाही. आता पेडण्यात त्याचा निरोपाचा शो होता.

मी एरवी 'पुढच्या वेळी बघू' म्हणून पुण्यातच बसले असते. पण दादाला पुढची वेळ नव्हती. खाणीवरच्या क्रशरपाशी त्याची उमेदीची वर्षं गेली. डाव्या कानाने केव्हाच राजीनामा दिलाय आणि उजवा नोटीस पीरियडवर आहे. बारीक आवाज आधी जातात, मग बाकीचे, असं डॉक्टर म्हणाले. मशीन बसवता येईल, पण त्यातून गाणं गाण्यासारखं ऐकू येईलच असं नाही. तेव्हा झिपऱ्या ऐकायचा तर आत्ताच. मी हिवाळ्यातच दोन तिकिटं काढून मोकळी झाले.

इथे आम्ही दोघांनी मिळून एक घोळ घातला. शो इंग्रजी तारखेने होता आणि शिरगावच्या लईराई देवीची जत्रा तिथीने चालते. दादा देवीचा धोंड आहे. धोंड म्हणजे जत्रेत निखाऱ्यांतून चालणारे भक्त. त्याआधी काही दिवस ते घर सोडून पाण्याकाठी मांडवात राहतात, स्वतः रांधलेलं शाकाहारी जेवतात, रोज न्हातात आणि बाहेरचं काही तोंडात घालत नाहीत. शो नेमका त्या दिवसांत आला होता. कॅलेंडर उघडून बघायचं दोघांनाही सुचलं नाही. ते आमच्या घरी फक्त दुधाचा हिशेब लिहायला टांगलेलं असतं.

"व्रत मी एकाय वर्सा चुकवूक नाय," दादा फोनवर म्हणाला. मी विमानाचं तिकीट मात्र रद्द केलं नाही.

मोपा विमानतळ चकाचक आहे. बाहेर पडल्यावर टॅक्सीवाल्याने साखळीचा जो आकडा सांगितला, त्यात पुण्याला जाऊन परत येता आलं असतं. हा प्रवास करणाऱ्यांना माझा सल्ला: हसून मान हलवा आणि म्हापशाची बस पकडा. म्हापशाहून अस्नोडा, डिचोली करत साखळीची बस मिळते. खिडकीची जागा धरा. रस्ता सुंदर आहे आणि कंडक्टर सुट्ट्या पैशांवरून जे बोलतो तेही ऐकण्यासारखं असतं. साखळीला उतरल्यावर बाजारात पातळ भाजी आणि गरम उंडो खाल्ला. ज्यांना उंडो ठाऊक नाही त्यांच्यासाठी, तो कडक कवचाचा गोल पाव. तुमच्या शहरातल्या कापसाला पाव म्हणत असाल तर खुशाल म्हणा.

संध्याकाळी ओढ्याकाठच्या मांडवात गेले. दादा चुलीवर डाळ ढवळत होता. त्यांच्यातले सगळ्यांत वडीलधारे गोविंदकाका शेजारीच बसले होते. दादाची जीभ रेटेना, म्हणून मीच विषय काढला.

"गाणी म्हंजे भजना?" काकांनी विचारलं.

"भजनापेक्षा मोठ्यान," दादा म्हणाला.

"देवाची?"

"नाय."

"सोऱ्याची?"

सोरो म्हणजे दारू. व्रतात खोटं बोलता येत नाही. दादाने डाळीकडे बघत उत्तर दिलं, "एक-दोन आसत."

काकांनी चुलीतलं लाकूड आत सारलं.  नाही म्हणाले असते, तर दादाने पुन्हा विषयही काढला नसता.

"कानान व्रत मोडना नाय, तोंडान मोडता," शेवटी काका म्हणाले. "थंयचा पाणीसुद्धा पिव नको. परतलंस की आधी न्हा, मगेच मांडवात पाय घाल."

दुसऱ्या दिवशी दुपारी स्कूटरवरून निघालो. दादाच्या अंगात झिपऱ्याचं चित्र असलेला जुना काळा टी-शर्ट, स्वतः धुतलेला, अजून दमट. खाली लुंगी. पायाशी पिशवीत दोन आडसर, म्हणजे शहाळी, आणि एक कोयती. ऊन असं की सड्यावरचा दगड भाकरी भाजून देईल. शो सूर्यास्ताचा होता, पण गेट भर उन्हात उघडतं. का, ते आत पाण्याच्या बाटलीची किंमत पाहिल्यावर कळतं.

गेटवरच्या पेडणेकर पोराने आधी कोयती बघितली, मग आमच्याकडे. "हें भितर व्हरूंक मेळचें ना. आडसरांय न्हय. भितर उदक मेळटा."

"माका चलना नाय. धोंड आसंय," दादा म्हणाला.

पोरगा एकदम सावरून उभा राहिला आणि त्याने साहेबाला बोलावलं. साहेब दिल्लीकडचे. त्यांनी लुंगीपासून टी-शर्टपर्यंत नजर फिरवून विचारलं, "धोंड? ये कौन सा बँड है? लिस्ट में तो नहीं है."

नियम तो नियम. दादाने गेटबाहेर उभ्या उभ्या एक आडसर फोडून घटाघटा संपवलं. दुसरं आणि कोयती पोराने स्वतःच्या खुर्चीखाली ठेवली आणि हलक्या आवाजात म्हणाला, "जत्रेंत म्हज्या खातीर हात जोड."

आत तरुणाई होती. म्हणजे झिपऱ्याच्या कॅसेट निघाल्या तेव्हा यांचे आईबाप एकमेकांना भेटलेही नसतील. एकाने दादाला 'अंकल, लुक भारी' म्हणत सेल्फी घेतली. माझं काम अंगरक्षकाचं. बिअरचा ग्लास जवळ आला की मी मधे. दादाचा उजवा कान स्टेजकडे राहावा म्हणून आम्ही मैदानाच्या अगदी डाव्या टोकाला उभे होतो. तिथेच टॉयलेटची रांग होती, त्यामुळे सहवासाची कमी भासली नाही.

अखेर झिपऱ्या आला. झिपऱ्या नव्हत्या, टोपी होती. दादाने माझं मनगट पकडलं, लहानपणी जत्रेत पकडायचा तसं.

आवाजाबद्दल काय सांगू? पहिली दोन गाणी बँडने झाकून नेली. मग ते गाणं आलं, आमचं, ज्याच्या शेवटी तो वरच्या सुरावर चढून तिथेच थांबायचा. मी मोकळ्या हाताने फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. झिपऱ्याने तो सूर येताच माइक लोकांपुढे धरला. लोकांना गाणं माहीत नव्हतं. मग त्याने स्वतः प्रयत्न केला आणि आवाज चिरकला, चांगलाच चिरकला. मागची पोरं खो खो हसली. एकाने कोंबड्यासारखी बांग दिली. माझ्याकडेही एक खास टोमणा तयार होता. तो दादाच्या कानात ओरडायला मी वळले.

दादाचे डोळे मिटलेले होते. तोंड उघडं आणि मान वर. तो त्या सुरावर चढला होता आणि तिथेच थांबला होता. बारीक आवाज आधी जातात. झिपऱ्याचं चिरकणं त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ते काही घामाचं नव्हतं.

"बाय," तो ओरडला, "आवाज तसोच आसा गो! तसोच मा?"

"तसोच!" मी त्याच्या उजव्या कानाशी ओरडले.

आयुष्यात इतकं सरळ उत्तर मी कुणाला दिलं नव्हतं.

परतताना त्याने दुसरं आडसर प्यायलं आणि साखळीपर्यंत गुणगुणत स्कूटर चालवली. ओढ्यावर न्हाऊन मांडवात गेला. जत्रेत निखाऱ्यांतून नेहमीसारखा चालून आला. मी पुण्याला परतले.

जायचं असेल तर जा. टोपी न्या, पाणी गेटबाहेरच पिऊन घ्या आणि देवाचा माणूस बरोबर असेल तर आधी कॅलेंडर बघा. मला हा प्रवास महागात पडला की स्वस्तात, हे अजून ठरवता आलेलं नाही. हे इथे बिनधास्त लिहितेय, कारण दादा माझा ब्लॉग वाचत नाही. त्याच्या मते मी फार लांबण लावते.

गेल्या आठवड्यात दादाला मशीन बसलं. लगेच फोन. "ता आमचा गाणा तू रेकॉर्ड केललंस मा? धाड. मशीन लावन ऐकतंय."

संध्याकाळी पाठवते म्हणाले. मग रेकॉर्डिंग लावलं. त्यात सगळं स्वच्छ होतं, चिरकणं, खो खो हसणं, ती कोंबड्याची बांगसुद्धा. मी ते पुसलं आणि त्याला फोन केला.

"दादा, रेकॉर्डच झालं नाही रे. फोन भरला होता."

"इतको म्हाग फोन! घालतलंस काय तेका लोणच्यात?"

एरवी मी उलट चार ऐकवली असती. सुचलीही होती. 

"जाव दी गो," तो म्हणाला. "माझ्या कानात आसा ता."