तानपुऱ्यामागे बसवलेली

आमच्या घरी देव्हारा नव्हता, चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे होते. अमरावतीत गाणं शिकायला गेले तेव्हा बाकीच्या मुली ‘गुरुजी’ म्हणून पाया पडायच्या. मी ‘सर’ म्हणून हात जोडायचे. सरांनी कधी हरकत घेतली नाही. मला त्याचाही संशय यायचा.

खरा संशय मैफिलीत यायचा. सरांच्या मागे तानपुरे घेऊन आम्ही दोघी बसायचो, मी आणि एका डॉक्टरांची मुलगी. गाता गाता सर ओळ मध्येच सोडून मागे हात करत. हात जिच्याकडे, तिनं ती ओळ उचलून समेवर आणायची. हात नेहमी तिच्याकडेच जायचा. मला म्हणायचे, “तानपुरा तुझ्यासारखा कोणीच लावत नाही.” गोड बोलून उंबऱ्याबाहेर ठेवायची रीत मी पत्रकांत वाचलेली होती.

मग अकोल्याला जयंतीच्या कार्यक्रमात सरांचं गाणं ठरलं. समोर निळे झेंडे, आमच्या वस्तीतल्यासारखीच माणसं. ख्याल रंगात आला आणि सरांनी हात माझ्याकडे केला.

मी मुद्दाम तानपुराच छेडत राहिले. सम आली आणि रिकामीच गेली. सरांनी मान वळवून पाहिलं, तीच ओळ पुन्हा सोडली, हात पुन्हा माझ्याकडे. आता न गाता राहवेना. मी गायले, समेवर आले. टाळ्या पडल्या. त्या सुराला होत्या की आडनावाला, मला कळेना.

परतताना गाडीत विचारलंच. “सर, हिले गाऊ द्या असं आयोजक म्हणाले होते ना?”

“म्हणले होते. पण तू बेसूर असती तर मी देलं असतं काय?”

“बाई, तुले गाऊ नाही देलं तरी भांडण, देलं तरी भांडण,” डॉक्टरांची मुलगी म्हणाली.

“मी सुरात होते, तर आजवर काहून नाही देलं, सर?”

“बडनेरा आलं,” सर म्हणाले. “सामान घ्या.”

पुढची मैफल वरूडला, एका संत्रा व्यापाऱ्याकडे होती. तिथे माझी शिफारस करणारं कोणी नव्हतं. क्लासला गेल्या गेल्या मी विचारलं, “वरूडले हात माझ्याकडे येईल का?”

“आधी तानपुरा लाव. मग पाहू.”

मी लावला नाही. उत्तराची वाट पाहत तशीच सरांसमोर बसून राहिले.