अखाजीच्या तारखेचं पिवळं कार्ड

यंदाच्या अखाजीनंतर, म्हणजे अक्षय तृतीयेनंतर, आठव्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास, माझ्या थोरल्या बहिणीने जळगावातल्या एका ट्रॅव्हल एजंटच्या टेबलावर स्वतःच्या नावाचं पिवळं कार्ड परत ठेवलं. त्यावर तिची सही नव्हती. बाकी तेरा जणांच्या कार्डांवर सह्या झाल्या होत्या. त्यातली एक माझी होती.

सहल केनियाची, नऊ दिवसांची होती. त्या देशातून भारतात परतणाऱ्याकडे पिवळ्या तापाची लस घेतल्याचं कार्ड लागतं. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ते लागू होतं. नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात जावं लागतं, जास्तीत जास्त सहा दिवस. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि आम्हाला त्यासाठी मुंबईला जावं लागणार होतं. कोणी जायची गरज नाही, पासपोर्टची झेरॉक्स द्या, असं एजंटने सांगितलं. आम्ही दिली. कार्डं आली.

बहीण निवृत्त आरोग्यसेविका आहे. जामनेर तालुक्यातल्या उपकेंद्रांत तिने एकतीस वर्षं लहान मुलांना लसी टोचल्या. आता ती धुळ्यात राहते. शेवटच्या उपकेंद्राच्या भिंतीवर मुलांची उंची मोजायला जिराफ रंगवलेला होता. खरा जिराफ बघायचाय, एवढंच कारण तिने सहलीसाठी दिलं होतं. त्याआधीचा तिचा सगळ्यात लांबचा प्रवास तिरुपतीचा.

कार्ड हातात आल्यावर तिने आधी बॅच नंबर पाहिला, मग तारीख.

“ही तारीख कोणी टाकली?”

“अक्का, ती केंद्रातूनच येते,” एजंट म्हणाला.

“त्या दिवशी अखाजी होती.”

“असेल.”

ती माझ्याकडे वळली. “अखाजीले मी कोठे व्हतू?”

“मन्हा घर,” मी म्हणालो.

“आन तू?”

अखाजीला मी जळगावच्या घरी वडिलांच्या नावाने घागर भरली होती. ती माहेरपणाला माझ्याकडे आली होती. दुपारी आमरस तिनेच वाढला. कार्डाप्रमाणे त्याच दिवशी आम्ही दोघं मुंबईत लस घेत होतो.

मी निवृत्त होईपर्यंत वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. ती म्हणाली, “पेपरात अशी तारीख सोडली असतीस का तू?”

“नाही.”

एजंटने खुर्ची पुढे ओढली. “अक्का, तेरा जणांना चाललं. तुमचंच काय अडतंय?”

“बठ्ठासले चालस, माले नही चालत. एकतीस वर्षं टोचल्याशिवाय कोणाच्या कार्डावर खूण केली नाही. आता माझ्याच कार्डावर करू?”

“उड्डाणाला नऊच दिवस उरलेत. आज लस घेतली तरी दहा भरत नाहीत. काउंटरवर अडवतील.”

“अडवलं तर मुंबईहून धुळ्याला यायची गाडी मला ठाऊक आहे.”

अडवलं तर जबाबदारी आमची नाही, असं लिहून द्या, असं तो म्हणाला. तिने उभ्या उभ्या लिहून दिलं. मग कोरा कागद त्याच्यासमोर सरकवला आणि तेरा कार्डांवरची तारीख खरी आहे, एवढं त्यानेही लिहून द्यावं, असं सांगितलं. त्याने तिचा कागद खणात ठेवला. दुसरा कोराच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझं कार्ड परत दिलं. “भाऊ, तुम्ही पण?” एवढंच तो म्हणाला.

बहिणीचं वय सहासष्ट. ही लस जिवंत विषाणूची असते आणि साठीनंतर ती देताना डॉक्टर जास्त काळजी घेतात. धुळ्यातल्या तिच्या डॉक्टरांनी आधी नकार दिला. या वयात हे कशाला, असं विचारलं. नकाराचं वैद्यकीय कारण चिठ्ठीवर लिहून द्या, असं ती म्हणाली. त्यांनी रक्तदाब पुन्हा मोजला, जुने रिपोर्ट काढायला लावले, धोका समजावून सांगितला आणि शेवटी लस घ्यायला हरकत नसल्याची चिठ्ठी दिली.

उड्डाणाला सहा दिवस उरले असताना आम्ही मुंबईच्या केंद्रात होतो. एका कुपीत दहा जणांचा डोस असतो आणि ती फोडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून दहा माणसं जमेपर्यंत थांबायचं होतं. आम्ही धरून आठ होते. दीड तास गेला. बहिणीचा नंबर आल्यावर तिने बाही वर केली आणि कुपी बघायला मागितली. मुदतीची तारीख वाचली.

“मॅडम, तुम्ही सिस्टर आहात का?” टोचणाऱ्या मुलीने विचारलं.

“होते.”

“कुठे?”

“जामनेरला.”

“ते कुठे आलं?”

“जळगावजवळ. तू टोच.”

मुलीने आमच्या कार्डांवर त्या दिवसाची तारीख टाकली. तिच्यासमोरच आम्ही सह्या केल्या. लस घेतल्यावर तिसऱ्या दिवशी बहिणीला ताप आला, एक दिवस राहिला आणि उतरला.

उड्डाण लस घेतल्यापासून सहाव्या दिवशी होतं. विमान कंपनीच्या काउंटरवरच्या मुलीने पिवळी कार्डं मागितली. बाकीच्यांची पाहून परत दिली. आमच्या दोघांची बाजूला ठेवली. दहा दिवस झालेले नाहीत, असं ती म्हणाली. बहिणीने पिशवीतून सरकारी नियमाची छापील प्रत काढली. परत येताना कार्ड लागतं, त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारलेली होती. मुलगी वरिष्ठांना बोलावायला गेली.

आमच्या ग्रुपमधला एक जण बॅग ओढत मागे आला. “अक्का, सांगितलं होतं ना. आम्ही निघतो.”

“निघा,” ती म्हणाली.

वरिष्ठ आले. त्यांनी प्रत वाचली, परतीचं तिकीट मागितलं, कोणाला तरी फोन केला. उभं राहून चाळीस मिनिटं झाली. त्यांनी बसायला खुर्ची देऊ केली, ती तिने घेतली नाही. मग दोन बोर्डिंग पास मिळाले.

केनियात उतरल्यावर आमचं कार्ड कोणी मागितलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी, गाडीपासून पन्नास-साठ पावलांवर, तिने जिराफ पाहिले. पाच होते.

मुंबईत परतलो तेव्हा आरोग्य विभागाच्या काउंटरवर रांग होती. आमच्या पुढच्या बारा जणांची कार्डं पाहून लगेच परत दिली गेली. एकालाच विचारलं, लस कुठे घेतली. तो म्हणाला, मुंबईत. बहिणीचं कार्ड हातात घेऊन अधिकारी थांबला. तारीख पाहिली, पासपोर्टवरचा शिक्का पाहिला आणि बोटांवर दिवस मोजले. चौदावा दिवस, दहा भरलेत, असं तो शेजारच्या सहकाऱ्याला म्हणाला. सहकाऱ्याने कार्डाचा नंबर रजिस्टरमध्ये लिहून घेतला आणि कार्ड तिच्या हातात दिलं.