चाकाखालचं लिंबू

कायमचं दुखणं मिस्त्रीला सापडतं. कधी आहे, कधी नाही असलं दुखणं मात्र माणसाला वेड लावतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीत तेव्हा जीपा आणि मासळीचे ट्रक, आणि त्यात ही एक परदेशी स्पोर्ट्स कार: लाल, बुटकी, दोन माणसांची. मालक मुंबईला. तिथे ठेवायला जागा नाही म्हणून ती रत्नागिरीतल्या मांडवीच्या त्यांच्या बंगल्यात असायची. मे महिना, गणपती आणि शिमगा असे साहेब वर्षातून तीनदा यायचे आणि ती पळवायचे.

तक्रार एकच. "मिस्त्री, गाडी थरथरते. घरून निघालो की स्टिअरिंग हातात धरवत नाही, आणि हातखंबा गाव जवळ आलं की एकदम गप्प!"

फिरून आल्यावर गाडी माझ्या गॅरेजात यायची तेव्हा कसली थरथर नि कसलं काय. मी चालवून बघायचो, साहेब बाजूला बसून माझ्याकडे असे बघायचे, जणू मीच ती खिशात घातली. बेअरिंगं बदलली, शाफ्टचा क्रॉस बदलला, इंजिनाखालची रबरं बदलली. शेवटी हात टेकले. शिमग्याला साहेब आले तेव्हा म्हटलं, "गाडीला हात लावू नका. सकाळी मीच बंगल्यावर येतो."

बंगल्यावर गाडी सांभाळायला एक ड्रायव्हर होते, साठी उलटलेले. बायको गेलेली, मूलबाळ नाही, मागच्या खोलीत एकटे राहायचे. सगळे त्यांना काका म्हणायचे. गाडी पुसायची आणि दर रविवारी आठ-दहा मैल फिरवून आणायची, एवढंच त्यांचं काम. गाडी अशी पुसलेली की तोंड दिसावं.

मी गाडी पोर्चमधून काढली आणि फाटकाशीच स्टिअरिंग उडायला लागलं. आयला! सापडलीस एकदाची! थांबून मागे बघितलं. पुढचं चाक जिथे उभं होतं तिथे एक लिंबू होतं, चपटं, वाळून काळं पडलेलं, वर कुंकवाचा डाग. दसऱ्याला पूजा करून चाकाखाली ठेवतात ते. दसऱ्यानंतर ही गाडी तसूभरही हलली नव्हती. इंजिन तेवढं जागेवर चालू केलं जात होतं. इतके महिने एका जागी उभं राहून नायलॉनचे टायर खालून चपटे झाले होते. सात-आठ मैल पळाले, तापले, की पुन्हा गोल. माझ्याकडे यायचे ते गोल होऊनच.

मला कोण आनंद झाला! काका पोर्चमध्येच उभे होते. ओरडलो, "काका, ते लिंबू उचला, साहेबांना दाखवतो!"

काका वाकले. हात लिंबापासून वीतभर बाजूला पडला. चाचपत आणखी बाजूला गेला. माझा आनंद तिथेच संपला.

"कधीपासून?" मी उतरून जवळ जात हळू विचारलं.

"दोन पावसाळे झाले. काचबिंदू. गेलेली नजर परत यायची नाय, म्हणून सांगितलंन डॉक्टरनं." मग माझा दंड धरून म्हणाले, "साहेबांना बोलू नको, मिस्त्री. ही खोली गेली तर मी जाऊ खंय? गावी पुतण्याच्या ओटीवर पडून राहू?"

मी लिंबू खिशात घातलं. साहेबांना सांगितलं, टायर म्हातारे झालेत, बदला. त्यांनी बदलले. आणि काकांना म्हटलं, दर रविवारी मी येईन, मी चालवीन, तुम्ही बाजूला बसा. मला कुणी म्हणायला सांगितलं नव्हतं, मीच बोलून बसलो.

सुरुवातीला बरं वाटायचं. काका डॅशबोर्डवर तळवा ठेवून बसायचे आणि रस्ता मला सांगायचे. "आता उतार. आता मोरी येईल, हळू घे." एक चूक नाही. पण आंब्याचा मोसम आला, ट्रकांची रांग लागली. सहा दिवस गाड्यांखाली पडून पाठीचा पार भुगा व्हायचा, आणि सातव्या दिवशी पुन्हा गाडीच. मे महिन्यात साहेब आले तेव्हा गाडी गप्प होती; पावसात मात्र एक रविवार चुकला, मग दुसरा. पुढच्या रविवारी नक्की, असं म्हणत आख्खा श्रावण गेला. काकांनी एकदाही निरोप धाडला नाही. बोलावलं असतं तर गेलो असतो, असं मी स्वतःला सांगायचो. खोटं आहे ते. मी दमलो होतो, आणि मला ते ओझं नको झालं होतं.

गणपतीला साहेब आले. गाडी काढली, मैलभर गेले आणि परत येऊन मला बोलावणं धाडलं. पोर्चमध्ये ते, मी आणि काका.

"पाच-सहा महिन्यांत नवे टायर बाद? मिस्त्री, मला मूर्ख समजता काय?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते आजही मला ठाऊक नाही.

"टायर बरे आहेत, साहेब," काका म्हणाले. "मीच गाडी हलवली नाय. मला दिसत नाय."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही, तेव्हाही नाही नि नंतरही नाही. दर रविवारी येईन म्हटलं होतं, हे मीही सांगितलं नाही. साहेब वाईट माणूस नव्हते. म्हणाले, आंधळ्या माणसाला इथे एकटं कसं ठेवू? दुसऱ्या दिवशी काकांना गावी सोडायचं काम त्यांनी मलाच सांगितलं, त्याच गाडीतून.

ट्रंक मागे मावेना, म्हणून काकांनी ती मांडीवर घेतली. फाटकातून निघताच थरथर सुरू झाली. ट्रंकेची कडी खडखडत होती. काकांचा तळवा डॅशबोर्डवर होता, पण आज ते रस्ता सांगत नव्हते. मी माफी न मागता गिअर बदलत राहिलो.

हातखंब्याच्या अलीकडे कडी वाजायची थांबली.

"थरथर गेली बघ," काका म्हणाले. "फार लांब नाय यावं लागत."