सभापती आणि दोन चुलींचं बिल

आमच्या सभापतींना कुणी विचारलं, "चाचा, चहा घेणार की सरबत?" तर ते आधी आजूबाजूला बघायचे आणि म्हणायचे, "सभागृहाचं मत काय पडतं?" सभागृह म्हणजे आम्हीच. शारजात रोल्लाच्या वडापासून हाकेच्या अंतरावर एका जुन्या घरात राहणारे कोकणी मुसलमान. साठच्या दशकातली गोष्ट. अमिरात नावाचा देश अजून व्हायचा होता, पण आमच्या घरात पार्लमेंट रीतसर चालू होतं.

चाचा मूळचे बाणकोटचे, शारजाच्या खाडीत गलबतांची सुतारकी करायचे. पासपोर्टासाठी मुंबईला गेले असताना कुणाच्या तरी ओळखीने विधान परिषदेच्या प्रेक्षक गॅलरीत शिरले आणि असे रमले की पासपोर्ट राहिला बाजूला. कुठल्याशा विधेयकावरून सत्ताधारी आणि विरोधक एकमेकांचे वाभाडे काढत होते. "आणि हबीबी, सुट्टी झाली तर तेच दोघं एका टेबलावर चहा पीत बसले!" हे सांगताना त्यांना दर वेळी नव्याने नवल वाटायचं. राज्यसभेत गदारोळ झाल्याची बातमी रेडिओवर लागली की स्वारी दिवसभर खूश.

दर जुम्म्याला नमाजाहून आल्यावर, भात शिजेपर्यंत, आमचं अधिवेशन भरायचं. एका चटईवर आम्ही रत्नागिरीकर, समोरच्या चटईवर कुलाबेकर. त्या जिल्ह्याला आता रायगड म्हणतात. मध्ये चाचा, हातात पळी आणि पुढ्यात तुपाचा रिकामा डबा. आवाज चढले की डब्यावर पळी आपटायचे, "ऑर्डर! खलास! खाली बसा!" बिलं येत ती अशी: ट्रान्झिस्टरवर आधी गाणी की आधी बातम्या, गच्चीवर वाऱ्याच्या बाजूला कुणी झोपायचं. एकदा कुलाबेकरांनी चिडून सभात्याग केला. बाहेर ऐन जूनचं ऊन. जरा वेळाने दार वाजलं. चाचा गंभीरपणे म्हणाले, "निषेध पोचला. आता आत या, नायतर भाजून निघाल."

खरं वादळ उठवलं ते श्रीवर्धनच्या हसनभाईंनी. रत्नागिरीकर कालवणात नारळ ओतून मासळीची चव मारतात, सबब कुलाबेकरांची चूल वेगळी करावी, असं बिल त्यांनी मांडलं. आम्ही तुटून पडलो. नारळाशिवाय कालवण म्हणजे गरम पाणी, असं मीच ओरडून सांगितलं. हसण्यावारी नेण्यासारखं ते राहिलं नाही, कारण चूल वेगळी झाली की खोली वेगळी होते, हे गावाकडे सगळ्यांनी पाहिलेलं होतं. मतं घेतली तर दोन्ही बाजू सारख्या! निर्णय सभापतींच्या एका मतावर आला.

चाचांनी पळी डब्यावर आडवी ठेवली. म्हणाले, "हे बिल पडावं असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच मला मत देता येणार नाय, सभापतीला बाजू नसते. बिल तहकूब. यल्ला, ताटं घ्या."

पुढच्या जुम्म्याला पुन्हा बिल, पुन्हा बरोबरी, पुन्हा तहकूब. ही बरोबरी टिकवण्यात म्हाताऱ्याची सारी हुशारी होती. विलायतेच्या पार्लमेंटातला जोडीचा रिवाज त्यांनी रेडिओवर ऐकला होता. एका बाजूचा माणूस मतदानाला नसेल तर समोरच्या बाजूच्या एकाने आपणहून गप्प बसायचं. एखादा कुलाबेकर रजेवर गेला की चाचा लगेच एका रत्नागिरीकराला 'जोडीत' बसवायचे. गावाहून नवा माणूस आला की समोरच्यांचा कुणी येईपर्यंत तो गॅलरीत, म्हणजे उंबऱ्यावर. अशी कैक वर्षं आम्ही भांडत भांडत एकाच चुलीवर जेवलो.

एकदा मासळी साफ करताना मी त्यांना विचारलं, "चाचा, एवढं का लावून घेता?" ते म्हणाले, "माझं घर बाणकोटच्या खाडीच्या अलीकडं, रत्नागिरीत; सासर पलीकडं कुलाब्यात, श्रीवर्धनला. बायको गेली, पोरबाळ नाय. चुली दोन झाल्या तर मी कंच्या चुलीपाशी बसू, सांग." मी खवले काढत राहिलो.

पुढे त्यांची नजर अधू झाली. रंधा बोटावर फिरायला लागला तेव्हा आम्हीच त्यांना मुंबईच्या बोटीत बसवलं. दुबईच्या धक्क्यावर हसनभाईंनी त्यांची वळकटी उचलली होती. बोटीपर्यंत नेणाऱ्या होडीत पाय टाकताना चाचा एवढंच म्हणाले, "भांडा. पण रीतीनं."

त्या जुम्म्याला सभापती म्हणून मला बसवलं. पळी हातात घेतली आणि माझ्या लक्षात आलं की मी चटईवरून उठलो म्हणजे रत्नागिरीचं एक मत कमी झालं. बिल पास होणार. इन्शाल्ला कुणाचा तरी विचार बदलेल, म्हणून मी रेंगाळलो. शेवटी विचारलं, "बिलाच्या बाजूने कोण?"

कुलाबेकरांचे हात वर गेले. हसनभाईंचा मात्र मांडीवरच राहिला.

"हसनभाई, बिल तुमचंच आहे."

"ठाऊक आहे. तुमचा एक माणूस कमी आहे ना? मी जोडीत." त्यांनी नजर वळवली. "म्हाताऱ्याचा रिवाज आहे. तो गेला म्हणून मी मोडू काय?"

पुन्हा बरोबरी. डब्यावर पळी आपटून मी 'तहकूब' म्हणालो, आणि ताटं घ्यायला कुणीच उठलं नाही.